गांडूळ की पोटा? एप्रिल ते ऑगस्टच्या नोंदी

उन्हाळ्यात आपल्याकडे मासेमारीसाठी गांडूळ शोधणं म्हणजे हाताला फोड आणणं. काळी माती भेगाळते, गांडुळं खोल ओलीत जाऊन वेटोळं करून पडतात, आणि वर कितीही कुदळ मारा, ढेकळंच निघतात. म्हणून यंदा ठरवलं की पाऊस लागेपर्यंत गळाला कोंबडीचं काळीज (कलेजी) नाहीतर पोटा, म्हणजे तिचं चिवट जठर, लावायचा, घरी कुंडीत गांडुळं वाढवायची आणि नंतर दोन्ही एकाच पाण्यात टाकून पाहायची.

एप्रिल, शेवटचा आठवडा
रोपवाटिकेतून गांडूळखताची लाल गांडुळं आणली. फुटका माठ, जुनं शेण, वरून ओलं बारदान. माठ कूलरच्या मागे ठेवला, तिथे पाणी ठिबकतं आणि जमीन गार असते. मग शहाणपणा सुचला: मृगबहाराची शेवटची संत्री घरात होती, त्यांची सालं टाकली. सकाळी पाहतो तर अर्धी गांडुळं माठाच्या काठावर आणि उरलेली फरशीवर. सालातलं आंबट आणि तेल त्यांना सोसत नाही. नागपुरात राहून संत्र्याने दगा द्यावा! बायकोने झाडू हातात घेऊन जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मे
मेव्हण्याचं कळमेश्वरकडे शेततळं आहे, त्यात रोहू आणि कटला. काळजाचे तुकडे लावून दोन सकाळी बसलो. तरंडा हललासुद्धा नाही. चूक माझीच. कटला पाण्यातलं बारीक खाद्य गाळून खातो, रोहूचा जीव शेवाळात आणि कुजलेल्या पाल्यात. त्यांच्यापुढे कलेजी ठेवणं म्हणजे माळकऱ्याला सावजी रस्सा वाढणं. तिसऱ्या दिवशी कणकेचा गोळा लावला आणि अर्ध्या तासात रोहू आला.

जून, कन्हान
कामठीच्या खालच्या अंगाला, पेंच आणि कोलार मिळून नदी रुंद झाल्यानंतरची जागा. दिवस मावळल्यावर बसलो. इथे मांसाची खरी परीक्षा झाली, कारण मागूर आणि टेंगरा अंधारात डोळ्यांनी शोधत नाहीत. मिशांवर, अंगावरसुद्धा चव ओळखणाऱ्या पेशी असतात, रक्ताचा वास पाण्यात पसरला की ते त्या दिशेने येतात.

काळजाची अडचण अशी की ते गळावर टिकत नाही. जोरात फेकलं की गळ एकीकडे, काळीज दुसरीकडे. शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे दिले तरी पाण्यात थोड्या वेळाने पांढरं पडतं, आणि रक्त गेलं की त्यात काही उरत नाही. आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर जरा घट्ट होतं. (डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा फोडणीला पडता पडता वाचलं.)

पोटा मात्र कामाचा निघाला. आतली पिवळी साल सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. चिवट असल्याने बारक्या माशांना तोडता येत नाही. वास कमी, म्हणून काळजाच्या रक्तात बुडवून लावला. त्या रात्री दोन टेंगरे आणि एक मोठा मागूर. मागूर पाहून मात्र आनंद झाला नाही: चपटं रुंद डोकं, अंगावर संगमरवरासारखे डाग. थाई मागूर. तो पाळायला देशात बंदी आहे, पण नदीत सुटलेला आहेच. कत्तलखान्याच्या घाणीवर पोसला जाणारा मासा, त्याला पोटा आवडणारच. परत सोडला नाही.

जुलै
पाऊस लागला आणि अंगणातच गांडुळं वर आली. जाड, तपकिरी, देशी. आता दोन काठ्या शेजारी: एकीवर गांडूळ, एकीवर पोटा. दिवसा गांडुळाची काठी थांबतच नव्हती, पण वर काय येतं? बोटभर चिलापी. सोललेला गळ वर ओढायचा, पुन्हा गांडूळ ओवायचं, हेच काम. शेजारी बसलेले ढीवर आजोबा बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "काऊन बाबू, मासे पकडून राह्यला का चारून राह्यला?" मग त्यांनीच दाखवलं: गांडूळ अख्खं, एकाच ठिकाणी टोचलेलं, शेपूट मोकळी, आणि शिसं तळाला टेकलेलं. वळवळ दिसली पाहिजे. तसं लावल्यावर वाम आली, माझी पहिली. पोट्याला वामेने एकदाही तोंड लावलं नाही.

माठातली लाल गांडुळं इथे मागे पडली. टोचली की पिवळा, उग्र वासाचा रस सोडतात. चिलापी दोनदा तोंडात घेऊन थुंकताना मी स्वतः पाहिली. माठ आता तुळशीच्या खतासाठी.

ऑगस्ट
मरळीसाठी दोन्ही नापास. ती नजरेने शिकार करते, तळाला पडलेल्या मांसाकडे ढुंकूनही पाहत नाही. काठालगत तांबड्या पिल्लांचा थवा दिसला, खाली जोडी राखण करत होती. अशा वेळी काहीही टाकलं तरी ती तुटून पडते, पण मी काठी गुंडाळली.

सध्या पिशवीत दोन डबे असतात. उजेड असेपर्यंत देशी गांडूळ आणि लहान गळ, अंधार पडला की पोटा आणि त्याहून दोन नंबर मोठा गळ. पुढच्या खेपेला कोंबडीची आतडी लावून पाहायची आहेत. डबा घरात ठेवायची परवानगी अजून मिळालेली नाही.