दहा टक्के कुठे गेले?

शेजारची मुलगी आज दुपारी रडवेली होऊन आली. बाळ झाल्यावर नोकरी सोडली, आता ते झोपलं की घरून इंटिरियरची ड्रॉइंग्ज करून देते. ऐरोलीच्या एका कंपनीला पहिलं बिल दिलं ६०,००० चं, खात्यात आले ५४,०००. "ताई, कापले हो माझे पैसे!"

तिला समोर बसवून आयकराचं पोर्टल उघडलं. कापलेले ६,००० तिच्या पॅनवर टीडीएस म्हणून, म्हणजे कंपनीने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर म्हणून, जमा दिसत होते. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के असे कापतात. वर्षाचा कर तेवढा होत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतात. शिवाय इंटिरियरसारख्या व्यवसायात मिळालेल्या एकूण फीची निम्मी रक्कमच करासाठी उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे. हिशेबाच्या वह्यांचा व्याप नाही.

तिचा चेहरा उजळला. रात्री जागून कमावलेले पैसे आहेत ते, प्रत्येक रुपयाची तिला काळजी वाटणारच! हे कॉलेजात का शिकवत नाहीत?

पुढच्या कामाला निम्मे पैसे आगाऊ मागायचं आम्ही ठरवलंय. ठाणे-नवी मुंबईत हे काम करणाऱ्यांनो, चौरस फुटाला दर किती लावता? कृपया सांगा, तिला खरंच गरज आहे.