लिहिलंय कोणी?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि पहिल्या आठवल्या त्या बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की गाण्याच्याच.

सातवीत गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. रंगीत तालमीत मी ऐटीत म्हणाले, “आता सादर करत आहोत एक भावगीत.” बाईंनी पेटीचा भाता मिटला. “लिहिलंय कोणी? चाल कुणाची?” मला ठाऊक नव्हतं. “मग शोधून आण. तोवर गाणं नाही.” तबलजी, कोरसच्या मुली सगळे मंचावर ताटकळले आणि मी धावत ग्रंथालयात. वीस मिनिटांनी धापा टाकत दोन्ही नावं सांगितली, तेव्हा पेटी पुन्हा सुरू झाली. रागावल्या मात्र नाहीत.

आज मुंबईत मी संगीताच्या हक्कांची वकिली करते, रॉयल्टीचा विभाग सांभाळते. १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, करारात वेगळं काही नसेल तर चित्रपटगीताचा मालक निर्माताच ठरे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना बळ दिलं. चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर कुठेही वाजलं, तरी रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा आता करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. हे कलम नव्या मुलांना समजावताना मी बाईंची तालीमच सांगते.

कारण सोसायटीच्या नोंदीत नाव नसेल, तर पैसा अडकतो. एका दिवंगत गीतकारांच्या पत्नी पिशवीभर वह्या घेऊन आल्या होत्या. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वारस म्हणून त्यांना सोसायटीचं सभासद केलं, एकेक गाणं नोंदवलं. रॉयल्टीचं पहिलं विवरणपत्र आलं तेव्हा त्यांनी रक्कम पाहिली नाही. यजमानांच्या नावावर बोट ठेवून बसून राहिल्या. त्या संध्याकाळी मला बाईंना फोन करायचा होता. उशीर झाला होता, बाई आदल्याच वर्षी गेल्या.

आता गॅदरिंगला ट्रॅक लावतात, पेटी कपाटात असते असं कळलं. फार वाईट वाटलं.

आणखी एक. पत्रिकेवर आपलं शाळागीत छापलंय, खाली नाव नाही. शब्द आपल्या चित्रकलेच्या सरांचे. चाल बाईंची, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, शिपाईमामांकडून कळलं. स्मरणिकेत तरी दोघांची नावं छापावीत, ही विनंती.

– १९८९ची दहावीची विद्यार्थिनी