सेबा गैरहजर

सोमवार, रात्री

सातवीला इजिप्त सुरू केलं आणि सुरुवात दरवर्षीसारखीच फसली. नाईल, पूर, गाळ, पिरॅमिड. ममीपर्यंत वर्ग जागा असतो, कारण मेंदू नाकावाटे काढायचे हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. पुढे समाजरचना आली की माना खाली. मी फळ्यावर नेहमीचा त्रिकोण काढला: टोकाला फॅरो, मग पुरोहित आणि लेखनिक, तळाशी कारागीर नि शेतकरी. मुलांनी तो पट्टीने आखून घेतला. त्रिकोण इतका नीटनेटका आला की समजावं, वर्गाचं लक्ष आपल्याकडे नाही.

बुधवार

आज त्रिकोणाचं नावही काढलं नाही. वर्गात शिरले, हजेरीपट उघडला आणि पुकारलं, "सेबा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"सेबा गैरहजर. विंचू चावला. हुयनेफर?"

"बाई, कोण?"

"हुयनेफरही गैरहजर. डोळ्याचा त्रास."

"डोळे आलेत का त्याला?" मागच्या बाकावरून. तिथून या वर्षी आलेला हा पहिलाच प्रश्न.

मग सांगितलं की ही हजेरी खरी आहे. देर अल्-मदिना हे कारागिरांचं गाव. राजांच्या दरीतली थडगी खोदायची आणि रंगवायची, हे त्यांचं काम. दुसऱ्या रामसेसच्या राज्याचं ४० वं वर्ष, म्हणजे साधारण इ.स.पू. १२५०. लेखनिकाने चुनखडीच्या एका मोठ्या कपचीवर ४० कामगारांची नावं लिहिली, २८० दिवसांतल्या कोणत्या दिवशी कोण आलं नाही ते लिहिलं आणि बहुतेक तारखांच्या वर कारण टाकलं, लाल शाईत. आता ती कपची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लाल शाई म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

कारणं वाचत गेले. नातेवाईक वारला, त्याचं शव गुंडाळायचं होतं. बिअर बनवत होता. (हशा. दोन मिनिटं गेली.) एक कारण वगळावं की सांगावं, हे रात्रीपासून ठरत नव्हतं. शेवटी सरळ वाचलं: बायकोला किंवा मुलीला पाळी आली आहे. मुलं खुसुखुसु हसली, मुली वहीत बघायला लागल्या. मी थांबले नाही, पण पुढेही गेले नाही. मग एक मुलगी म्हणाली, "पाळी तिला, मग रजा त्याला कशी? घरचं काम त्या दिवशी तो करत असेल." मी म्हटलं, लिहिणाऱ्याने कारण लिहिलंय, खुलासा नाही केला. तिला हे उत्तर पटलं नाही. मलाही फारसं नाही, पण त्या कपचीवर जे नाही ते मी कुठून आणणार?

पगार विचारला, तर पगार धान्यात. सुटी किती? दहा दिवसांचा आठवडा, शेवटचे दोन दिवस सुटी. यावर वर्गाने एकमताने निषेध नोंदवला. मग याच गावाच्या पुढच्या पिढ्यांची गोष्ट सांगितली: तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर मिळेना, तेव्हा कामगारांनी अवजारं खाली ठेवली आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. घंटा झाली तरी वर्गात कोणी उठलं नाही. त्रिकोणातली तळाची ओळ त्यांना आज दिसली.

गुरुवार

हडप्पाची लोकं काय कारणं द्यायची, असं मुलांनी विचारलं. मुद्रेचं चित्र दाखवलं. बैल, वर चार-पाच चिन्हं. ही लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही म्हटल्यावर सगळे हिरमुसले. एवढ्या सरळ गटारांची आणि ठरलेल्या मापाच्या विटांची शहरं, आणि त्यांतल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला घेता येत नाही. "म्हणजे तिथला सेबा नाहीच का?" होता ना. हाक मारायला नाव नाही, इतकंच.

शुक्रवार, उशिरा

महिनाअखेर, म्हणून हजेरीपट पुरा करत बसले. उपस्थित दिवस, गैरहजर दिवस, बेरीज, सही. प्रत्येक चौकोनात 'ह' नाहीतर 'गै'. त्या लेखनिकाच्या कपचीवर जागा माझ्या या पानापेक्षा फार जास्त नसावी. तरी त्याने विंचू लिहिला, डोळा लिहिला, बिअर लिहिली. माझ्याकडे छापील रकाने आहेत आणि कारणासाठी रकानाच नाही.

चौदा नंबर. या महिन्यात सहा 'गै', सगळे सोमवार-मंगळवार. परत आला की मी "कुठे होतास?" म्हणते, तो "घरी" म्हणतो आणि मी पुढचा नंबर पुकारते. बुधवारी सेबाच्या वेळी तो हसला नव्हता, हे आता पट बघताना आठवलं.

त्या सहा चौकोनांवर पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन ठेवलेत. लाल पेन पर्समध्ये टाकलंय. सोमवारी तो आला तर मधल्या सुटीत विचारेन. नाही आला तर मंगळवारी.