मंगळवार पेठेत जेरी गार्सियाची पुण्यतिथी

राखीपौर्णिमेच्या दिवशी स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी पकडणं हा वेडेपणा आहे, आणि बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर विचारूच नका. माहेरी निघालेल्या बहिणी, त्यांची पोरं, मिठाईचे बॉक्स आणि त्यात मी, अंगात टाय-डायचा सतरा रंगांचा टीशर्ट. शेजारच्या मावशींनी साताऱ्यापर्यंत दम धरला आणि मग विचारलंच, कुठल्या मंडळाचा टीशर्ट हाय हा? म्हटलं बँडचा आहे, अमेरिकेतला. "लग्नातला बँड?" नाही हो मावशी, गिटारवाला, त्यातला मेन माणूस जाऊन आज तीस वर्षं झाली, त्याच्यासाठी चाललोय. "आणि ते कोल्हापुरात?" यावर माझ्याकडं पण धड उत्तर नव्हतं. नशिबानं मागच्या सीटवर नांदणीच्या मठातल्या हत्तिणीचा विषय निघाला, त्या आठवड्यात कोल्हापूरच्या गाडीत दुसरा विषयच नव्हता, आणि माझी सुटका झाली.

तर बँड म्हणजे ग्रेटफुल डेड. १९६५ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला सुरू झाला, आधी नाव वॉरलॉक्स होतं. सायकेडेलिक रॉक म्हणतात पण त्यात ब्लूज आहे, अमेरिकन लोकसंगीत आहे, जॅझसारखं भरकटणं आहे. तीस वर्षांत २३०० च्या वर कार्यक्रम केले आणि टॉप टेनमध्ये गाणं किती, तर एक, ते पण १९८७ मध्ये. म्हणजे रेडिओवर फार न वाजणारा बँड, पण त्याच्या मागं गावोगाव व्हॅन घेऊन फिरणारे हजारो लोक, डेडहेड्स म्हणतात त्यांना, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये टीशर्ट आणि सँडविच विकून पुढच्या तिकिटाचे पैसे काढायचे. याला लगेच वारी वगैरे म्हणायची घाई करू नका, मी पण केली होती, मग लक्षात आलं की वारीत काय गायचं ते ठरलेलं असतं आणि इथं सगळी मजाच ठरलेलं नसण्यात आहे. आज कुठली गाणी, कुठल्या क्रमानं, एकातून दुसऱ्यात कसं शिरणार, कुणालाच माहीत नाही, वाजवणाऱ्यांना पण नाही.

गिटारवर जेरी गार्सिया. जन्म १ ऑगस्ट १९४२, गेला ९ ऑगस्ट १९९५ ला, वय ५३. त्यामुळं ऑगस्टचे पहिले नऊ दिवस जगभरची ही मंडळी काही ना काही करत असतात. यंदा, म्हणजे २०२५ ला, बँडला साठ वर्षं झाली म्हणून आठवड्यापूर्वीच सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात तीन रात्री कार्यक्रम झाले, गार्सियाच्या जागी जॉन मेयर. तिकडं जायची आपली ऐपत नाही. कोल्हापूरची आहे.

तावडे हॉटेलला उतरलो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. रिक्षावाल्यानं न विचारता पंचगंगेचा रिपोर्ट दिला. या दिवसांत कोल्हापुरात लोक तब्येतीच्या आधी पाण्याची पातळी विचारतात, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आकडे शाळेतल्या पोरांना पण पाठ. रस्त्यावर हायकोर्टाच्या सर्किट बेंचचे अभिनंदनाचे फलक. मिसळ खाल्ली, इथं ती पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर मिळते आणि कट परत मागितला की न कुरकुरता देतात, पुण्यातल्या लोकांनी हे डोळे भरून बघावं.

संध्याकाळपर्यंत वेळ होता म्हणून खासबागेकडं गेलो, केशवराव भोसले नाट्यगृह बघायला. बघायला म्हणजे बाहेरूनच. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं हे थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी काय होतं तर खुद्द गायक-नट केशवरावांची जयंती, ९ ऑगस्ट. हा योगायोग मला वर्षभर टोचत होता. ३१ वर्षांचं आयुष्य, १८९० ते १९२१, त्यात ललितकलादर्श नाटक कंपनी काढली, बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान नाटक केलं आणि चढ्या आवाजाची अशी दहशत ठेवून गेले की शंभर वर्षांनी पण गावात नाव नुसतं 'केशवराव' घेतलं तरी पुरतं. पुन्हा उभारणीचं काम तेव्हा चालू होतं. बाहेर चारदोन माणसं उभी होती, एक म्हातारे गृहस्थ एका कॉलेजच्या पोराला आत रंगमंच कुठं होता, वादकांचं पीट कुठं होतं ते हातवारे करून दाखवत होते आणि पोरगा खरंच ऐकत होता. मला म्हणाले, तुम्ही पण नाटकवाले काय? टीशर्ट बघून विचारलं असणार.

आमचे यजमान मंगळवार पेठेत राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात, उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगचं काम आहे त्यांचं, हात बघितले तर गिटारचा संबंध वाटणार नाही. थोरला भाऊ ऐंशीच्या दशकात एमएस करायला अमेरिकेत गेला आणि तिथून कॅसेट पाठवायला लागला, कव्हरवर बॉलपेननं तारीख आणि गावाचं नाव, बस. कंपनीची कॅसेट नाही, लोकांनी कार्यक्रमात स्वतः रेकॉर्ड केलेली. कारण या बँडनं रेकॉर्डिंगला कधी मारून मुटकून बंदी केली नाही, उलट १९८४ पासून टेपवाल्यांना वेगळी तिकिटं आणि साउंड मिक्सरच्या मागं वेगळी जागा. कॉपी करा, वाटा, फक्त विकू नका. इंटरनेटच्या आधी हा सगळा कारभार पोस्टानं चालायचा, कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं, समोरचा भरून पाठवायचा.

गच्चीवर पत्र्याची शेड, सतरंजी, आणि टेबलावर गार्सियाचा फोटो, पांढरी दाढी, काळा टीशर्ट, त्याला झेंडूचा हार आणि समोर उदबत्ती. हे दादांच्या आईचं काम. आजी म्हणाल्या पुण्यतिथी हाय म्हटल्यावर हार नको व्हय? मग मला विचारलं, कशानं गेले? मी म्हटलं हार्ट अटॅक, डायबेटिस पण होता, आणि... "साखर!" आजींनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांना स्वतःला साखर आहे. "साखर लई वाईट," म्हणाल्या आणि फोटोकडं असं बघितलं की तो जणू त्यांच्याच दवाखान्यात नंबर लावून बसायचा.

पुढचं जे होतं ते हेरॉइन. व्यसन सोडवायच्या केंद्रातच जीव गेला त्याचा. नशा होती म्हणून असं वाजवायचा, हे जे काही लोक कौतुकानं सांगतात ते मला अजिबात पटत नाही. १९८६ मध्ये साखरेनं कोमात गेला, उठला तर गिटार वाजवता येईना, परत पहिल्यापासून शिकला. आणि लहानपणी, चार वर्षांचा असताना, लाकूड फोडताना भावाच्या हातून उजव्या हाताचं मधलं बोट गेलेलं. त्या हातानं वाजवायचा. हे सगळं असून वाजवायचा, त्या नशेमुळं नाही.

जमलेली माणसं म्हणजे काय ताळमेळ नाही. विद्यापीठातले एक प्राध्यापक, तबला शिकणारा एक पोरगा, राखी बांधायला माहेरी आलेली दादांची बहीण (तिला दादांपेक्षा जास्त तारखा पाठ), आणि इचलकरंजीचे एक डॉल्बीवाले. डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, आपल्याकडं दुसरा अर्थ नाही. हे इथं कसे, तर १९७४ च्या 'वॉल ऑफ साउंड'मुळं. बँडच्या साउंड माणसानं, आउस्ली स्टॅनली, याला बेअर म्हणायचे, त्यानं आणि त्याच्या टोळीनं स्टेजच्या मागं सहाशेच्या आसपास स्पीकर रचले, वजन ७५ टन, प्रत्येक वाद्याचा स्पीकरांचा गठ्ठा वेगळा. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे स्पीकर, म्हणजे मॉनिटर, नाहीत, समोर पब्लिकला जे ऐकू येतं तेच वाजवणाऱ्याला. आता मागं स्पीकर आणि पुढं माइक म्हणजे शिट्टी वाजणारच, म्हणून दोन दोन माइक जोडून एकाची वायर उलटी, गायचं एकात, भिंतीचा आवाज दोन्हीत शिरतो आणि आपोआप कटतो.

"च्यायला, उलटी फेज!" डॉल्बीवाले सतरंजीवरून उठलेच. मग ते आणि दादा, लेथवाला आणि स्पीकरवाला, कागदावर आकृत्या काढत बसले, अर्धा तास गार्सिया बाजूला. शेवटी दादा म्हणाले, त्यांनी भिंत बांधली ती लांबच्याला बी स्वच्छ ऐकू यावं म्हणून, तुम्ही बांधता ती काचा फोडायला. डॉल्बीवाले हसले पण लागलं त्यांना. "पब्लिकला छाती हलायला पाहिजे दादा, आम्ही काय करणार." भिंत त्या बँडलाही परवडली नाहीच, ट्रक, माणसं, स्टेजचे दोन दोन सेट, त्या वर्षाअखेर मोडीत काढली. यावर मात्र दोघांचं एकमत झालं, धंदा आहे शेवटी.

मग ऐकणं. आधी ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, ज्याला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतलंय. एक गाणं संपता संपता दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही, गार्सिया कुठं घाईत नाही, बास खालून चालत असतो, आणि ज्या क्षणी दुसरं गाणं उघडतं तिथं दादांच्या बहिणीनं डोळे मिटून मान हलवली, अगदी बैठकीत समेवर हलवतात तशी. मग तबल्याच्या पोरासाठी अकरा मात्रांचं, नावच 'द इलेव्हन'. पोरानं टाळी धरली, तीन तीन तीन दोन, दोनदा चुकला आणि मग बसला. रुद्र ताल पण अकराचाच हो, म्हणाला, पण हे वेगळंच पळतंय. त्यांचा ड्रमर मिकी हार्ट तबल्यातल्या अल्लारखाँसाहेबांच्या नादी लागलेला, पुढं १९७६ मध्ये त्यांच्या मुलाबरोबर, झाकीरभाईंबरोबर, 'दिगा' नावाची रेकॉर्ड काढली, त्यात गार्सियानं पण वाजवलंय. झाकीरभाईंचं नाव निघाल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही, आधीच्याच डिसेंबरमध्ये, २०२४ ला, गेले ते, सॅन फ्रान्सिस्कोलाच.

खरी जुंपली नंतर. प्राध्यापक म्हणाले, या माणसाचे दोन हजार कार्यक्रम टेपवर आणि आपल्या अल्लादियाखाँसाहेबांचं काय? शाहू महाराजांच्या दरबारात होते, याच गावात गायले, जयपूर-अत्रौली घराणं उभं केलं, १९४६ पर्यंत हयात, आणि आज ऐकायला एक मिनिट नाही. रेकॉर्डिंगच करू दिलं नाही. आपण काय गमावलं याचा हिशोब कुणी करायचा?

दादांची बहीण म्हणाली, काही गमावलं नाही. त्यांच्या शिष्यांच्या, केसरबाईंच्या गळ्यात आहे, मोगूबाईंच्या गळ्यात आहे. टेप असती तर लोक टेपेची नक्कल करत बसले असते, नव्हती म्हणून समोर बसून शिकावं लागलं.

"आणि केसरबाईंची रेकॉर्ड झाली म्हणूनच तर ती व्हॉयेजर यानातून पार ग्रहांच्या पलीकडं गेली," प्राध्यापक. ते पण १९७७ च, म्हणजे कॉर्नेलनंतर जेमतेम चार महिन्यांत भैरवी आकाशात. "गुरूंचं ऐकलं असतं तर ती बी नसती!"

मला विचाराल तर मी टेपवाल्यांच्या बाजूचा. शिष्याच्या गळ्यात घराणं राहतं, हे खरं, पण एखाद्या मंगळवारी खाँसाहेबांचा आवाज लागला नाही, मग तासाभरानं लागला, हे कुठं राहतं? डेडच्या टेपमध्ये ते राहिलंय. फसलेले कार्यक्रम पण आहेत, भरपूर आहेत, गार्सिया शब्द विसरतोय, बँड भलतीकडं चाललाय, आणि ही मंडळी ते पण प्रेमानं ऐकतात, कारण त्याशिवाय चांगल्या रात्रीची किंमत कळत नाही. बहिणीला हे पटलं नाही. म्हणाली, फसलेलं कुणी ऐकू नये असं खाँसाहेबांना वाटलं असेल तर तो त्यांचा हक्क हाय की. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गार्सियाच्या अस्थींचा विषय निघाला. थोड्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आणि थोड्या, ४ एप्रिल १९९६ ला, ऋषिकेशला गंगेत. हे ऐकून आजी खुश. आपल्याच गंगेत हाय म्हणा की!

जेवण झकास पण श्रावण. म्हणजे कोल्हापुरात येऊन तांबडा नाही पांढरा नाही, नारळी भात, मटकीची उसळ, दही. नारळी भात आजींनी स्वतः खाल्ला नाही, फोटोसमोर मात्र वाटी ठेवली, ते पण साखरवाल्या माणसासमोर, आणि कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

निघताना दादांनी पेन ड्राइव्ह दिला, बजावलं, वाटा पण विकू नका. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथंच पुढचं ठरवलं. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, श्रावण १३ ऑगस्टला लागतो, आणि ९ ऑगस्टला रविवार, गटारीच्या बरोबर तीन दिवस आधी. डॉल्बीवाल्यांनी मटणाची जबाबदारी जागेवर घेतली.