वास गेला, पण फॉर्मवर रकानाच नव्हता

डाळीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, हिंग टाकला आणि वास आलाच नाही. डबी नाकाशी धरली, तरी काही नाही. सर्दी नाही, ताप नाही, नाक मोकळं. जून २०२०चा पहिला आठवडा, पुणे, कोरोनाचे दिवस. घरात मधुमेहाची ७४ वर्षांची आई.

त्याच दुपारी माझं ताट आणि खोली वेगळी केली. अचानक वास गेला तर तुम्हीही आधी हेच करा, रिपोर्टची वाट बघू नका.

चाचणी केंद्रावर मात्र अडकले. थर्मल गनवर ९७.८. फॉर्मवर ताप, खोकला, धाप एवढंच.

"परदेशातून आलात? घरात कोणी पॉझिटिव्ह?"

"नाही. पण वास गेलाय."

"ताई, सर्दी असेल. ताप आला की या."

ब्रिटनने १८ मेलाच हे लक्षण यादीत घेतलंय, असं मी सांगितलं. "आमच्या यादीत नाही." पीपीई किटमध्ये तो मुलगा घामाने निथळत होता, त्याच्यावर राग नाही, त्या कागदावर आहे, आजही. खासगी लॅबला डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. आमचे डॉक्टरही म्हणाले, ताप आला तर कळवा. म्हणजे आईशेजारच्या खोलीत बसून मी तापाची वाट बघायची! चौथ्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ४५०० रुपये भरले. पॉझिटिव्ह.

पुढचे दिवस कोविड केंद्रात गेले. तिथेच बातमी वाचली: १३ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास-चव जाणं लक्षणांत घेतलं. त्याच दिवशी राज्याने लॅबमधल्या चाचणीचा दर २२०० केला. मला रडू आलं. आई निगेटिव्ह होती, ते त्या वेगळ्या ताटामुळेच, असं मी मानते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की विषाणू मुख्यतः वासाच्या मज्जातंतूंना आधार देणाऱ्या पेशींना धरतो, म्हणून नाक चोंदलेलं नसतानाही वास जातो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा, प्रत्येकी २० सेकंद हुंगायला सांगितलं, किमान तीन महिने. मला सातव्या आठवड्यात लवंग आली. कॉफीला मात्र दिवाळीपर्यंत जळक्या रबराचा वास यायचा. असं झालं तरी सराव सोडू नका.

आणि हो, सगळ्यात आधी सांगायचं राहिलं: वास येत नसेल तर रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा. गळती झाली तर नाक सांगणार नाही.