तुम्ही विचारलंत म्हणून: अलंकार सापडतो कसा?

कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना, भाजी घेताना, कुठंही गाठ पडली की पालकांचा प्रश्न ठरलेला: "बाई, अलंकार ओळखायचा कसा? पोरीला व्याख्या तोंडपाठ आहेत, पण कविता समोर आली की काही सुचत नाही."

सुचत नाही, कारण मुलं शब्द हुडकत बसतात. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. पण 'तो सारखा रडतो' यात कसली उपमा? 'ती आईसारखी दिसते' हीसुद्धा नुसती माहिती झाली. ज्ञानेश्वरांची ओवी बघा: 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके'. उपमेच्या शब्दांच्या यादीत 'परी' असतो, म्हणून दरवर्षी कुणीतरी इथं उपमा लिहितंच. पण हा 'परि' म्हणजे 'पण'. माझे बोल अमृतासारखे आहेत, असं ज्ञानेश्वर म्हणतच नाहीत. ते बोल पैज लावून अमृताला हरवतात! उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथं बोल) उपमानाच्या (ज्याच्याशी करायची ते, इथं अमृत) वर चढलं, म्हणून हा व्यतिरेक. रेघ मारायची तर 'जिंके'खाली मारा, सगळा जोर तिथं आहे.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या वाचनाला अलंकाराचं नाव लिहायचं नाही. शिसपेन्सिल घ्यायची आणि जिथं थबकलो तिथं समासात टिंब द्यायचं. दुसऱ्या वाचनाला टिंबाशेजारी आपल्या भाषेत लिहायचं, इथं काय झालं. नाव सगळ्यात शेवटी. (वाचनालयाचं पुस्तक असेल तर टिंबं कागदाच्या पट्टीवर. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. तिथल्या पुस्तकावर पुढच्या वाचकाचाही हक्क आहे.)

२०१९ च्या पुरानंतर शाळा सुरू झाली, तेव्हा मी फळ्यावर माझंच एक वाक्य लिहिलं होतं: 'पाणी ओसरलं आणि घर गप्प बसलं.' वर्गात नदीकडेला राहणारी एक मुलगी होती. तिनं 'बसलं'शेजारी टिंब दिलं आणि खाली लिहिलं, 'फ्रीजचा आवाज नाही. घड्याळाची टिकटिक नाही. आजीपण बोलत नव्हती.'

मी 'बसलं' पुसून 'झालं' लिहिलं. घर गप्प झालं. "आता?"

तिनं मान हलवली. "नको बाई. बसलं म्हणजे कसं, रुसून बसल्यागत वाटतं. आता रुसवा गेला."

निर्जीव घराला माणसासारखं वागवलंय, हे तिला कळलं होतं. त्याला म्हणतात काय, तेवढं तिला आठवत नव्हतं. फळ्यावर परत 'बसलं' लिहिलं आणि तिच्या वहीत, त्या टिंबाजवळ, बारीक अक्षरात 'चेतनगुणोक्ती' लिहून दिलं.