डावीकडे 90, उजवीकडे 270

डॅशबोर्डवरचा तो दिवा पहिल्यांदा लागला एका लांबलचक डाव्या वळणावर. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला, पिवळा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की गायब, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा हजर. चालवताना काडीचाही फरक जाणवत नव्हता, म्हणून पहिले दोन आठवडे मी त्याच्याकडे काणाडोळा केला. चूकच होती ती. तो दिवा लागलेला असताना ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, रजेवर असते. ओल्या रस्त्यावर गाडी खरोखरच घसरली असती तर तिला सावरायला कोणी नव्हतं.

ईएससीचं काम तसं सोपं आहे. स्टिअरिंग किती वळवलंय, म्हणजे चालकाला कुठे जायचंय, हे तिला स्टिअरिंग अँगल सेन्सर सांगतो. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे यॉ सेन्सर सांगतो. दोघांचं जमलं नाही की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. यातला एक जरी थापा मारायला लागला तरी ती काम सोडून देते, आणि ते बरोबरच आहे.

गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून गाडीनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला आणि दोन मिनिटांत निदान केलं: "क्लॉक स्प्रिंग गेलीय, अख्खा सेट बदलू." मला पटेना. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगखाली गुंडाळलेली चपटी रिबन केबल. हॉर्न, एअरबॅग, स्टिअरिंगवरची बटणं, सगळ्यांची वायर तिच्यातूनच जाते. माझा हॉर्न वाजत होता, बटणं चालत होती, एअरबॅगचा दिवा विझलेला होता. मग रिबन तुटली कुठे?

स्वस्तातले बरेचसे स्कॅनर इंजिनापलीकडे बघतच नाहीत. एबीएसपर्यंत, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेपर्यंत, पोचणारा एक मित्राकडून उसना आणला. कोड होता यू 0428, म्हणजे स्टिअरिंग अँगल सेन्सरकडून येणारी माहिती चुकीची आहे. वायर तुटली असती तर यू 0126 यायला हवा होता. त्याचा अर्थ संपर्कच तुटलाय. फोन लागत नाही आणि फोनवर पलीकडचा माणूस काहीतरी बरळतोय, यात फरक आहे. तरी मनाच्या समाधानासाठी बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे गाडीतले सेन्सर आणि कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. 60 ओहम. दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर समांतर असतात, तेव्हा 60 म्हणजे ठणठणीत.

मग लाइव्ह डेटा. सपाट सरळ रस्त्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा आकडा शून्य हवा, तो दिसला उणे 3.5. झालं! महिन्याभरापूर्वी चाकांची अलाइनमेंट केली होती, तेव्हा शून्य सेट करायचं राहिलं असणार. स्कॅनरवरून कॅलिब्रेशन केलं, कोड पुसला आणि घरी येऊन जरा जास्तच बढाया मारल्या. तिसऱ्या दिवशी दिवा परत.

या वेळी मुलीला शेजारच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू ठेवून गाडी जागेवरच, मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवायचं आणि तिनं आकडे मोठ्यानं वाचायचे. स्टिअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. बहुतेक वेळ आकडे शहाण्यासारखे चढत-उतरत होते. मध्येच एकदम उडी आणि परत जागेवर. मी उड्या कागदावर लिहीत होतो. ती मात्र पट्टीकडे बघत होती.

"बाबा, पट्टी दर वेळी वायपरच्या दांडीपाशी आली की गडबड होते."

कागदावर पाहिलं. डावीकडे 90. डावीकडे 450. उजवीकडे 270. प्रत्येकात बरोबर 360 अंशांचं अंतर! मी फक्त आकडे लिहिले होते, जोडले नव्हते.

या जातीच्या सेन्सरमध्ये मधोमध एक मोठं दातेरी चक्र असतं, ते स्टिअरिंगबरोबर फिरतं. त्याला लागून दोन छोटी चक्रं, दोघांच्या दात्यांची संख्या वेगळी, दोघांवर चुंबक. नुसता वार सांगून दिवस कळत नाही, नुसती तारीख सांगूनही नाही, पण दोन्ही मिळून बराच शोध लागतो. तसं त्या दोन चक्रांच्या स्थितीवरून स्टिअरिंग कितव्या फेरीत, किती अंशावर आहे ते कळतं. छोट्या चक्रात खोट असती तर उड्या 360 सोडून भलत्याच अंतरानं आल्या असत्या. फेरीला एकदाच म्हणजे मोठंच चक्र.

माझ्या गाडीत सेन्सर क्लॉक स्प्रिंगच्या मागे वेगळा बसतो, तेवढाच मागवला. बसवताना घाई नको, कारण समोर एअरबॅग असते. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मी चांगली पंधरा मिनिटं थांबलो. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवली आणि तिच्या वायरींना मल्टीमीटर लावला नाही. नट काढण्याआधी स्टिअरिंग आणि दांड्यावर मार्करनं एकच रेघ ओढली. क्लॉक स्प्रिंग हातात आली की ती फिरवून बघायचा फार मोह होतो. तिला आधीच चिकटपट्टीनं बांधलं. ती मध्यावरून सरकली तर पुढच्या पूर्ण वळणावर रिबन ताणून तुटते, आणि मग गॅरेजवाला बरोबर ठरतो.

नवा सेन्सर बसवला, कॅलिब्रेशन केलं. सरळ रस्त्यावर 0.2. दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं, एकही उडी नाही. दिवा विझून आता दोन महिने होतील.

जुना सेन्सर मी उघडला, अर्थातच. भिंगाखाली मोठ्या चक्राचा एक दाता अर्धा उडालेला दिसला. तुटलेला तुकडा तळाशी ग्रीसमध्ये पडला होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. मुलीनं तो चिमट्यानं उचलला, दात्यावर धरून बसतोय का पाहिलं, आणि तेवढ्यात तिला शिंक आली.